गाडीचा बारावा दोष

आमचे बाबा हाडाचे वायरमन. बिघाड दिसला की लिहून ठेवायचा, ही त्यांची जुनी खोड. गाडी विकायला ऑनलाइन जाहिरात टाकली, तीही तशीच: मागची काच हाताने धरून वर करावी लागते, हॉर्न मनात आलं तरच वाजतो, असे ओळीने अकरा दोष. "ही जाहिरात आहे की फिर्याद?" आई कडाडली. महिनाभरात एक फोन आला असेल तर शपथ.

मग एक नर्सबाई आल्या. मोबाइलवर यादी उघडून त्यांनी अकराही दोष तपासले आणि म्हणाल्या, "काका, बारावा मात्र लपवलात. ही शेजारची सीट पुढे सरकत नाही."

बाबांचा पारा चढला. "तो दोष नाही! माझ्या आईला पाय लांब करता यावेत म्हणून मीच ती मागे पक्की केली. पाच वर्षं तिला यातूनच दवाखान्यात नेलं."

बाईंनी त्या सीटवर बसून पाय लांब करून पाहिले. "मग तशीच राहू द्या. माझ्या सासूबाईंचेही गुडघे वाकत नाहीत."

गाडी गेली. जाहिरात काढून टाकण्याआधी बाबांनी तिच्यात बारावी ओळ लिहिली: "शेजारची सीट पुढे सरकत नाही. आभारी आहे."