ह्येची दुपार कोन करनार?

"यवढा जीव असतोय बगा," म्हणत आबा उजवा तळहात वाटीसारखा करायचे, तो समोरच्याच्या नाकाखाली धरायचे आणि विचारायचे, "ह्येची दुपार कोन करनार?"

दुपार करणं हा आबांचा खास स्वतःचा शब्द. सकाळी घरात सगळे असतात, संध्याकाळी सगळे परततात. मधल्या वेळात त्या एवढ्याशा कुत्र्याच्या पिल्लाला भरवायचं कोणी, सावलीत ठेवायचं कोणी, ते गप्प पडलं तर बघायचं कोणी, हे सगळं त्या एका शब्दात यायचं.

आबा निमगाव केतकीच्या जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर, म्हणजे मलमपट्टी करणारे, होते आणि मी तिथल्याच शाळेत बाई. दोघंही बारामतीहून सकाळच्या एकाच एस.टी.नं जायचो. नव्वद सालानंतरचे दिवस. बारामतीत बंगले उठत होते आणि ज्याच्या त्याच्या बंगल्यात एक पांढरं, झुपकेदार शेपटीचं पॉमेरियन दिसायला लागलं होतं. मग काय, बसमध्ये रोज कुणीतरी आबांना गाठायचं. "आबा, एक पिल्लू बघा की आमच्यासाठी."

एवढं कानावर पडलं की आबांची चौकशी सुरू. आपल्याकडं मुलगी देताना करतात, अगदी तशी. घर पत्र्याचं का स्लॅबचं? केस विंचरणार कोण? पंधरा वर्षं जगलं तर पंधरा वर्षं सांभाळाल का?

एका ऊसवाल्यांना रानात राखणीला पॉमेरियन हवं होतं. आबा म्हणाले, "राव, त्येला राखायला अजून एक कुत्रं ठेवावं लागंल. घार उचलून न्हील त्येला." दुसऱ्या एका गृहस्थांना दोन वर्षांच्या नातवासाठी हवं होतं. आबांनी स्टँडवरच्या दुकानातून एक अंडं घेतलं आणि नातवाच्या हातात दिलं. पोरानं ते क्षणात आपटलं. "फुटलं?" आबा शांतपणे म्हणाले. "मंग चार वर्सांनी या." आख्खं स्टँड हसलं. मीही हसले. मला काय, माझी मुलगी सात वर्षांची होती.

आता माझं सांगते. सांगताना आजही जीभ जड होते.

बारामतीला लागूनच, जळोचीत, आम्ही नवं घर बांधलं होतं. दोन खोल्या, वर पत्रा, स्लॅब पुढं कधीतरी. मुलीनं कुत्र्याचा हट्ट धरला हे खरं, पण हौस माझीच जास्त होती. आमच्याही दारात तसलं पांढरं कुत्रं असावं, लोकांनी थांबून बघावं, असं मला वाटायचं. बारामतीतल्या एका निवृत्त साहेबांच्या कुत्रीला तीन पिल्लं झाली होती आणि ती कुणाला द्यायची हे त्यांनी आबांवर सोपवलं होतं. मी आबांच्या शेजारची जागा धरली.

"बाई, घरात दुपारचं कोन असतं?"

नवरा टेलिफोनच्या कामावर, मुलगी शाळेत, मी निमगावात. दुपारी आमच्या घरात कुलूप असायचं. पण तोंडातून आलं, "सासूबाई असतात ना."

सासूबाई होत्या कोऱ्हाळे बुद्रुकला, एकट्या. महिन्यातून एखाद्या रविवारी यायच्या आणि चहा घेऊन परत जायच्या.

आबांचा चेहरा खुलला. "म्हातारी मानूस घरात हाय म्हंजे काळजीच न्हाय. आन् तुमी शाळंतल्या बाई. तुमी काय खोटं सांगनार न्हाय."

मी खिडकीबाहेर बघितलं.

पिल्लू आलं. मुलीनं नाव ठेवलं साखर. आबांनी सगळं दोनदा समजावलं. दिवसातून चार वेळा थोडं थोडं खायला द्यायचं. पोट रिकामं राहिलं तर मान टाकतं, तसं झालं तर हिरड्यांना गुळाचं पाणी लावायचं. पत्रा तापला की ओलं फडकं खाली घालायचं. "हे समदं म्हातारीला नीट सांगा," म्हणाले. मी मान हलवली.

पहिले आठ दिवस नवऱ्यानं रजा काढली. नंतर आम्ही वाटीत दूध-पोळी ठेवून दार ओढून घ्यायला लागलो. एक दिवस काही झालं नाही, दुसऱ्या दिवशी काही झालं नाही, आणि मग आम्हाला ते नेहमीचंच वाटायला लागलं.

बसमध्ये आबा रोज विचारायचे, "म्हातारीनं दुपार केली का?"

"केली की."

नुसतं एवढ्यावर भागेना. मग मी रचून सांगायला लागले. सासूबाईंनी मांडीवर घेतलं, सासूबाईंनी बोटानं दूध चाटवलं. आबा ऐकताना असे खूश व्हायचे की मला आणखी सुचायचं. रोज सकाळी मुलीला जवळ बसवून पंचशील म्हणायचं आणि बस सुटायच्या आत त्यातलं चौथं, खोटं न बोलण्याचं, मोडायचं! तुम्ही म्हणाल, बाई, त्याच वेळी खरं सांगून टाकायचं होतं. रोज ठरवायचे हो. पण खरं सांगितलं असतं तर आबा पिल्लू परत घेऊन गेले असते.

एकदा त्यांनी पिशवीतून दोन डाळिंबं काढली. "म्हातारीला द्या. माझ्या पिल्लाची दुपार करती म्हनावं, माझ्याकडनं."

ती डाळिंबं आम्ही तिघांनी खाल्ली. गोड होती. मला घास गिळवत नव्हता असं लिहिलं तर तेही खोटंच होईल. मी चवीनं खाल्ली.

मार्च लागला. सकाळची शाळा अजून सुरू झाली नव्हती, पण पत्रा मात्र तापायला लागला होता. एका संध्याकाळी मी घरी पोचले तर मुलगी उंबऱ्यावर साखरला मांडीवर घेऊन बसलेली. वाटीतलं दूध तसंच, नासलेलं. पिल्लाची मान लोंबत होती. "आई, ही उठतच नाही गं."

मी तशीच रिक्षा करून आबांच्या खोलीवर गेले. आबा जेवायला बसत होते, ताट सारून उठले. घरी आल्याबरोबर त्यांनी गूळ मागितला, पाण्यात कालवला, बोटानं हिरड्यांवर चोळला. ओलं फडकं केलं. साखर त्यांच्या त्या वाटीसारख्या तळहातावर जेमतेम मावत होती, थोडी बाहेर येत होती.

"म्हातारी कुटं हाय?" त्यांनी मान वर न करता विचारलं. "दुपारी काय खाल्लं हिनं, तिला ठावं आसंल."

मी काही बोलायच्या आत मुलगी म्हणाली, "आजी कोऱ्हाळ्याला असते. ती इथं राहतच नाही."

आबांचं बोट एकदा थांबलं. मग पुन्हा चोळायला लागलं. बराच वेळ ते चोळत राहिले. साखर हलली नाही. शेवटी त्यांनी तिला फडक्यात गुंडाळलं, मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि चपला घालताना मला विचारलं, "बाई, डाळिंबं गोड व्हती का?"

चिडले असते, चार शिव्या घातल्या असत्या तर सोसलं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी "हो" म्हणाले.

त्यानंतर बसमध्ये ते पुढं, ड्रायव्हरच्या मागं बसायला लागले. कुणी पिल्लू मागितलं तर हात जोडायचे. "मला जनावर कळतंय, मानूस कळत न्हाय. दुसऱ्याला इचारा." तळहाताची वाटी मी पुन्हा पाहिली नाही. त्या बसमधल्या इतक्या माणसांपैकी त्याचं कारण फक्त मला ठाऊक होतं, आणि मी ते कुणाला सांगितलं नाही.

वर्षभरानं ते निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी मधल्या सुट्टीत शाळेच्या फाटकाशी आले. हातात एक डाळिंब. "म्हातारीला द्या," म्हणाले. "ह्ये तरी द्या." माझ्याकडं एकदाच नीट बघितलं आणि गेले.

त्या दिवशी मी बारामतीत उतरून घरी न जाता कोऱ्हाळ्याची गाडी धरली. सासूबाई बुद्धाच्या तसबिरीखाली बसून तांदूळ निवडत होत्या. डाळिंब त्यांच्या हातात ठेवलं. कोणी दिलं, त्यांनी विचारलं. मग मी सगळं सांगितलं. कुलूप, पत्रा, रोज रचलेली दुपार, सगळं. सांगता सांगता रडले.

त्यांनी डाळिंब पदराला पुसलं. मग म्हणाल्या, "मला बोलवायचं व्हतंस की गं. मी आले असते."

एवढंच. आणि खरं सांगू? त्यांना बोलवावं हे माझ्या एकदाही मनात आलं नव्हतं. नव्या घरात कुत्रं हवं होतं, सासू नको होती.

हे आबांना सांगायलाच हवं असं वाटलं. दुसऱ्या दिवशी लवकर बस गाठली आणि, ते आता निवृत्त झालेत हे विसरून, ड्रायव्हरच्या मागच्या बाकापर्यंत गेले. तिथं दुसरंच कुणीतरी पेपर वाचत बसलं होतं. आबा खोली सोडून गावी गेले, एवढंच कळलं. कुठलं गाव, ते इतक्या वर्षांत मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं.