दसऱ्याचं तेल

जवसाच्या तेलाचा वास आला की मला देवरीकडचा आमचा बांध आठवतो. दिवाळीच्या तोंडावर धान पिकलं होतं, पहाटेचं धुकं होतं आणि परवान्याची एकनळी बंदूक धरलेल्या बाबांसमोर रानडुक्कर उभं होतं. बाबांनी चाप ओढला. नुसतं खट् झालं. डुक्कर फुरफुरत पुढे आलं. मी मागून जीव खाऊन डबा बडवला, तेव्हा कुठे ते वळलं. मी धावत गेले तसे बाबा ओरडले, "मांगंच राय, पोरी! काडतूस आताही उडू शकते." नळी चिखलाकडे धरून ते कितीतरी वेळ तसेच उभे होते. शेवटी त्यांनी काडतूस काढलं. घरी बंदूक खोलली तर काडतुसावर आपटणारी पिन शेंदरी चिकटाने जाम झालेली. आईने दसऱ्याच्या पूजेत शेंदूर कालवलेलं जवसाचं तेल बंदुकीवर मनापासून ओतलं होतं, ते आत वाळून गोंदासारखं झालं होतं. "तुमाले काई होऊ नये म्हणूनच वाह्यलं जी," ती म्हणाली. बाबा रॉकेलच्या चिंधीने पिन पुसत राहिले. आता बाबा नाहीत, बंदूकही ठाण्यात जमा आहे. आई दसऱ्याला बंदुकीच्या रिकाम्या खुंटीला हळदकुंकू वाहते. तेल मात्र लावत नाही.