लांब दोऱ्यांचा आठवडा

आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तरी तिनं गोधड्या शिवणं सोडलं नाही. टाका घालायला तिला डोळे लागत नसत, बोटांनाच कळे. अडचण फक्त सुईच्या नेढ्याची होती. ते तिला दिसत नसे. म्हणून रोज सकाळी मी बारा सुया ओवून तिच्या हाताशी असलेल्या छोट्या उशीला रांगेनं टोचून ठेवत असे आणि दुपारी जेवायला घरी आले की पुन्हा बारा. दोऱ्याचं माप ठरलेलं होतं, खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत. त्याहून लांब दोरा ती चालू देत नसे. लांब दोरा शिवणाऱ्याशीच भांडतो, असं ती म्हणायची.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची ही गोष्ट. वडील गेल्यावर नाशिकच्या दोन खोल्यांत आम्ही दोघीच राहत होतो. भाऊ ओझरच्या कारखान्यात नोकरीला होता, त्याचं बिऱ्हाड तिकडेच. मी एम.ए.चा अभ्यास करत होते. सकाळी वाचनालयात जायचं, दुपारी जेवायला आणि सुया ओवायला घरी यायचं, ऊन उतरलं की परत जायचं, असा माझा दिवस होता.

त्या वर्षी जानेवारीत एका बुधवारी पेठहून निरोप आला. वहिनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती, तिला मुलगी झाली. आईनं देवाजवळ साखर ठेवली आणि लगेच ट्रंक उघडली. बाळ जन्माला येण्याआधी त्याच्यासाठी टाका घालायचा नाही, असं आमच्याकडे असे. त्यामुळे महिनाभर ती हात बांधून बसली होती. बारसं बाराव्या दिवशी, म्हणजे पुढच्या आठवड्यातल्या रविवारी. तोवर गोधडी झाली पाहिजे, पाळण्यात बाळाच्या अंगाखाली पहिल्यांदा तीच पडली पाहिजे, एवढंच तिला हवं होतं.

"पेठची थंडी वेगळी असते गं," ती म्हणाली. "विकतची दुपटी काय, गुळगुळीत नुसती. त्यात ऊब कुठली?"

पहिले चार दिवस छान गेले. तिच्या दोन सुती साड्या विरून अगदी मऊ झाल्या होत्या, त्या वर आणि खाली. मधल्या घड्यांत वडिलांचं धोतर. वरच्या ठिगळांसाठी ती एकेक तुकडा बोटांत चोळून बघायची आणि ओळखायची. "हा तुझा शाळेचा झगा. हा पडदा, चाळीतला. हे काय, तुझ्या आत्याचं पोलकं? ते नको, ती फार चिडकी होती, पोर रडेल." आम्ही दोघी हसलो. रविवारपर्यंत कडेच्या सात-आठ ओळी झाल्या होत्या. आमच्याकडे गोधडी कडेकडून आत शिवत नेतात. चौकोनात चौकोन लहान होत जातो आणि शेवटचा टाका मधोमध पडतो. रोज दोन वेळा सुया मिळाल्या असत्या तर शनिवारी संध्याकाळी तो पडला असता. तिचा तसा हिशेब होता आणि तिचा अंदाज सहसा चुकत नसे.

सोमवारी गावात पुस्तकांचं प्रदर्शन लागलं. एका शाळेच्या मैदानावर मांडव घातला होता, आत लांबच लांब टेबलं. विकत घेण्याची ऐपत नव्हती, पण उभ्यानं वाचलं तर कोणी हटकत नव्हतं. सकाळी गेलं की संध्याकाळी दिवे लागेपर्यंत तिथून पाय निघत नसे. मधे घरी यायचं म्हणजे दोन तास मोडणार. सोमवारी सकाळी मी सुया ओवायला बसले तेव्हा हे सगळं डोक्यात होतं. मी दोरा हाताच्या मापावर तोडला नाही. दुप्पट घेतला.

आईनं पहिली सुई उचलली, दोरा ओढला. ओढतच राहिली.

"हे काय? दोरा धरून सासरी पळायचंय का तुला?"

"तुला सारखी सुई बदलायला नको, म्हणून."

"माझ्यासाठी होय?"

"हो. आणि दुपारी मी येणार नाही. एवढ्यात दिवस निघेल तुझा."

तिनं उरलेला दोरा ओढून घेतला. मग म्हणाली, "बरं. जेवून घे मात्र काहीतरी. पुस्तकांनी पोट भरत नाही."

त्या आठवड्याइतकी सुखी मी फार थोड्या वेळा झाले आहे. हे लिहिताना संकोच वाटतो, पण खरं तेच आहे. सकाळचं कोवळं ऊन, मांडवातला नव्या कागदाचा वास, दुपारी गाडीवरची मिसळ, पुन्हा पुस्तकं. संध्याकाळी घरी आले की आईला वाचलेलं सांगायचं. ती चौथीत शाळेतून निघाली होती. मी बोलत असे तेव्हा ती काम बाजूला ठेवून ऐकायची. मग मी विचारायची, "आज किती ओळी?"

सोमवारी दोनच ओळी झाल्या होत्या. "अगं, बोरंवाली आली होती. बोरं निवडत बसले, वेळ कसा गेला कळलं नाही."

मंगळवारी दीड. संक्रांत जवळ आली होती, तिळाचे लाडू करून ठेवले म्हणाली. लाडू डब्यात होते, मी दोन खाल्ले. बुधवारी म्हणाली, शेजारच्या काकू आल्या होत्या, गप्पांत दुपार गेली. गुरुवारी रेडिओवर श्रुतिका लागली. शुक्रवारी नुसताच डोळा लागला.

"मजा आहे तुझी," मी म्हणाले. "घरी बसून मलाच अभ्यासाचं सांगतेस! नात वाट बघतेय ना?"

"हो गं बाई. उद्या करते."

शनिवारी प्रदर्शनाचा शेवटचा दिवस होता. मी रात्री आठला घरी आले तेव्हा गोधडीच्या मधोमध परातीएवढा भाग कोरा होता. तिथं नुसते कच्चे टाके होते. मी मदत करायला बसले, तर ती म्हणाली, राहू दे, दोन हातांचा टाका वेगळा दिसतो.

रविवारी एसटीनं पेठला गेलो. गोधडी आईच्या पिशवीत होती. मला वाटलं, ती तशीच अंथरेल. अर्धवट गोधडी पाळण्यात घालू नये, असंही आमच्याकडे आहे, ते मला तिथं कळलं. वहिनीच्या आईनं विचारलं, "विहीणबाई, तुमी गोधडी आणनार होता ना? आमच्याकडं थंडी लय."

"राहिली हो," आई म्हणाली. "माझाच आळस. गप्पाटप्पांत राहिली." तिनं मेनरोडवरून घेतलेलं अंगडं-टोपडं पुढे केलं. पाळण्यात विकतचं दुपटं होतं, गुळगुळीत, निळं. आईनं बाळाला त्याच्यावर ठेवलं, मी आत्या म्हणून कानात नाव सांगितलं, कुर्रर्र केलं. परतीच्या वाटेवर ती पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मी खिडकीतून बाहेर बघत होते आणि मला तिचा थोडा रागच आला होता. एवढं एक काम, तेही हिनं रमतगमत केलं.

नंतरच्या आठवड्यात मी पुन्हा दुपारी घरी येऊ लागले. चार दिवसांत गोधडी पुरी झाली. भावानं ती ओझरला नेली.

पुढे तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, तिनं आणखी गोधड्या शिवल्या, आणि मग दोन-चार दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन ती गेली. त्यानंतर दोन वर्षांनी भाची उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्याकडे राहायला आली. बारा वर्षांची झाली होती. गोधडी बरोबर घेऊन आली होती, तिच्यावाचून तिला झोप येत नसे. एका बाजूनं ती उसवली होती.

"आत्या, शिवून दे ना. पण आतले खडे काढू नकोस हं."

"कसले खडे?"

"हे बघ ना. झोप आली नाही की मी मोजते. कडेला नाहीत, मधेही नाहीत. इथे फक्त."

तिनं माझं बोट धरून फिरवलं. कडेच्या सात-आठ ओळी सपाट होत्या. मग बारीक, कडक दाणे लागू लागले, एकाला लागून दुसरा. मधल्या परातीएवढ्या भागात पुन्हा काही नाही. मी चष्मा लावला आणि उसवलेल्या जागेतून आत पाहिलं. गाठी होत्या. लांब दोरा पिळला जातो, त्याचा गुंता होतो, तो तोडावा लागतो. दुसऱ्या कोणी सुई पुन्हा ओवली असती. तिला ओवता येत नव्हतं आणि दुपारी ओवायला घरी कोणी नव्हतं. म्हणून तिनं तुटलेले तुकडे चाचपून एकमेकांना बांधले होते आणि बाळाला टोचू नये म्हणून प्रत्येक गाठ आतल्या घडीत, वडिलांच्या धोतरात ओढून घेतली होती. सोमवार ते शनिवार.

मग मला काकू आठवल्या. त्या आठवड्यात मंगळवारीच त्या लेकीकडे गेल्या होत्या आणि किल्ली माझ्याकडे देऊन गेल्या होत्या. बुधवारी सकाळी मीच त्यांच्या तुळशीला पाणी घातलं होतं. त्याच संध्याकाळी आईनं सांगितलं, काकू आल्या होत्या. मी हो म्हणाले आणि पुस्तकाचं बोलू लागले.

तिनं सरळ सांगितलं असतं तर मी दुपारी आले असते. असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. पण तिनं सांगितलं होतंच. पहिल्याच सकाळी दोरा ओढत ओढत विचारलं होतं, माझ्यासाठी होय?

भाची समोर बसून बघत होती. "नाही ना काढणार?"

"नाही."

मी रीळ घेतलं, हात लांब केला, दोरा खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत मोजून तोडला. तो संपला तेव्हा दुसरा ओवला, मग तिसरा. उसवण वीतभरच होती, पण संध्याकाळ झाली. त्या दिवशी मला कुठेच जायचं नव्हतं.