लिंबायतच्या गाळात बर्फाची साखळी

आमच्या लिंबायतमध्ये बर्फ दिसतो तो गोळेवाल्याच्या गाडीवर, मासळीवालीच्या टोपलीत, नाहीतर उन्हाळ्यात कुणी गेलं आणि गावाकडची माणसं यायला उशीर असला, तर त्या माणसाच्या अंगाखाली. असं असूनही माझ्या मामाच्या घरी बर्फात गाडी चालवायच्या साखळ्या होत्या. ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांना घालायच्या, शिडीसारख्या. दोन बाजूंना दोन लांब साखळ्या आणि मध्ये आडव्या पायऱ्या.

मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. पांडेसऱ्याच्या एका मिलमधून बॉयलरची राख उचलायचं काम तो करायचा. त्यासाठी त्याच्याकडे छोटा ट्रॅक्टर होता, गल्लीतून सहज निघेल असा, आणि त्याला एक ट्रॉली. पावसाळ्यात राखेचा नुसता लगदा व्हायचा आणि ट्रॅक्टरची चाकं जागच्या जागी गरगरत राहायची. हजीऱ्याकडच्या एका भंगारवाल्याने त्याला या साखळ्या दाखवल्या. कुठल्याशा थंड मुलखातून जहाजाने आलेल्या यंत्राबरोबर त्या आल्या होत्या म्हणे. मामाने हौसेने आणल्या आणि खिळ्याला टांगून ठेवल्या. चाकाला कधी घातल्या नाहीत. मी येता-जाता विचारायची, "मामा, हिमालयात कधी निघायचं?" तो म्हणायचा, "तू आधी शाळामा जाय, मास्तरीनबाई."

त्या पावसाळ्यात खाडीचं पाणी घरात शिरलं. पाण्याची आम्हाला सवय आहे. सामान माळ्यावर चढवायचं, गॅसची टाकी वर न्यायची, शेजाऱ्यांशी गच्चीवरून गप्पा मारायच्या. पण माय दर आठवड्याला मशीनवर जायची. तिच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या. पाणी होतं तोवर होड्या फिरत होत्या, पण तेव्हा डायलिसिसचं सेंटरच पाण्यात होतं. सेंटर सुरू झालं तेव्हा पाणी ओसरलेलं, होड्या गेलेल्या आणि गल्लीत गुडघाभर काळा गाळ. मायची डायलिसिसची एक खेप चुकली होती. पाय सुजून तुकतुकीत झाले होते. तिला आडवं होता येत नव्हतं, पाठ टेकली की दम लागायचा. आज काहीही करून तिला मशीनवर न्यायचं होतं. अ‍ॅम्ब्युलन्स मोठ्या रस्त्यापर्यंत आली होती आणि ड्रायव्हर फोनवर सांगत होता, आत गाडी घालणार नाही. घालून तरी काय केलं असतं बिचाऱ्याने?

उचलून न्यावं, असं मी म्हटलं होतं. आबांनी, माझ्या वडिलांनी, ते उडवून लावलं. गटारांची झाकणं वाहून गेली होती. आदल्याच दिवशी समोरच्या घरचा माणूस चालता चालता कमरेपर्यंत आत गेला आणि पाय मोडून बसला. मायला घेऊन कुणी तसा गेला तर? तेव्हा ट्रॅक्टर काढायचं ठरलं आणि खिळ्यावरच्या साखळ्या खाली आल्या.

साखळी चढवायची म्हणजे ती गोधडीसारखी चाकावर वरून पसरायची. आधी आतल्या बाजूचा आकडा अडकवायचा, चाकाच्या मागे, जिथे काही दिसत नाही. मग बाहेरचा. आकड्याचं तोंड टायरकडे येऊ द्यायचं नाही, नाहीतर टायर फाटतो. मग ट्रॅक्टर थोडा पुढे घ्यायचा, ढिलं झालेलं पुन्हा ओढायचं. मामाचा हात मडगार्डच्या आत जाईना. त्यामुळे मी साडी खोचली, चिखलात एक गुडघा टेकला आणि आतले आकडे हाताने चाचपून लावले. दुसऱ्या चाकाचा आकडा बसला तेव्हा मी अक्षरशः ओरडले. बऱ्याच दिवसांनी काहीतरी मनासारखं झालं होतं.

पण साखळ्या आमच्या चाकाला मोठ्या होत्या. कितीही ओढलं तरी काही कड्या उरत होत्या आणि साखळी पोटाशी लोंबत होती. कड्या तोडायच्या तर वेल्डिंगवाल्याचं दुकान चिखलाखाली आणि वीज नाही. मामाने करवत चालवून पाहिली. कडी नुसती चकाकली, पात्याचे दात मात्र गेले. "तार बांधू," मामा म्हणाला.

"तार तुटी जास," आबा म्हणाले आणि माळ्यावरून पट्ट्यांचं बोचकं घेऊन आले.

आमच्या घरात कुठलीही वस्तू खिळ्याने किंवा स्क्रूने जोडलेली नव्हती. आबांनी सगळं आयुष्य लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, काढलं. साड्यांच्या काठाच्या कापून टाकलेल्या पॉलिस्टरच्या पट्ट्या ते घरी आणायचे आणि त्यांनी सगळं बांधायचे: नळ, खाट, दाराची कडी, माझ्या सायकलचं कॅरिअर. आणि सगळ्यावर एकच गाठ. लूमवर दोऱ्याची तार तुटली की चालत्या कामात, दोन बोटांत, डोळ्याची पापणी लवायच्या आत मारतात ती. आमच्याकडे पाहुणा आला की त्याला चहाआधी ती गाठ दाखवली जायची. मला त्या गाठीचा लहानपणापासून वैताग होता, पण ती सुटलेली मी कधी पाहिली नव्हती. हेही खरंच.

मामा कुरकुरला, "दाजी, हाई चाक शे, लूम नही."

"मन्ही गाठ कधी सुटस का?" आबांनी विचारलं. मामाने हात टेकले. आबांनी उरलेल्या कड्या मागे घेतल्या, पट्टी ओवली, दोन्ही चाकांवर जागोजागी गाठी मारल्या. नंतर ट्रॉलीत प्लास्टिकची खुर्ची ठेवली, तिचे पाय ट्रॉलीच्या कठड्याला तशाच पट्ट्यांनी आवळले आणि आम्ही मायला त्या खुर्चीत बसवलं. ती श्वासाला इतकी जपत होती की कण्हलीसुद्धा नाही. मी तिच्या शेजारी बसले. आबा ट्रॉलीच्या पुढच्या कठड्याला धरून उभे राहिले.

ट्रॅक्टर निघाला आणि खरंच निघाला. साखळ्यांनी गाळ धरला. मागची चाकं चिखल कापत, लाटत पुढे जाऊ लागली. गच्च्यांवरून लोक बघत होते, कुणीतरी शिट्टी मारली. आबांनी वळून माझ्याकडे पाहिलं. काय तो चेहरा! पहिला नंबर आलेल्या मुलासारखा. मी हसले. मायसुद्धा हसली, असं मला वाटलं.

रेशनच्या दुकानाच्या वळणावर खडखड सुरू झाली. आधी थोडी, मग मडगार्डवर हातोडा मारल्यासारखी. मी ओरडले, "मामा, थांब!" त्याने थांबवेपर्यंत चाक आणखी फिरलं होतं. साखळीचं सुटलेलं टोक मडगार्डच्या आत गेलं आणि एक्सलभोवती गुंडाळलं गेलं. ट्रॅक्टर पुढे जाईना, मागे येईना. चाकाच्या बाजूला गाळावर पट्टीचं एक टोक तरंगत होतं, निळं, जरीच्या बारीक रेघेचं.

लूमवरची तार सतत ताणलेली असते. ताण असतो म्हणून ती गाठ आवळलेली राहते. चाकावरची साखळी प्रत्येक फेऱ्यात एकदा ताठ होते, एकदा सैल पडते, आणि सैल पडली की ती गाठ हळूहळू स्वतःच उकलते. हे मला नंतर, शांतपणे, घरातल्या दोऱ्यावर करून पाहिल्यावर कळलं. त्या वेळी मला फक्त राग आला होता. आबा गाळात उतरले होते, बसले होते, खांद्यापर्यंत हात घालून चाकामागे चाचपडत होते आणि म्हणत होते, "निंघी जाई, आते निंघी जाई." ते निघणारं नव्हतं. माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं: तुमची गाठ, तुमची हौस, तुमचं ते खातं.

मायने माझं मनगट धरलं. तिच्या हातात जोर राहिला नव्हता, तरी धरलं. "त्यासले काही बोलू नको, बाई," ती म्हणाली. एवढं बोलायला तिला दोनदा थांबावं लागलं.

मी गिळलं सगळं. उभी राहिले आणि गच्च्यांकडे बघून ओरडले. माझा आवाज वर्गात कमावलेला आहे, तो त्या दिवशी उपयोगी पडला. माणसं खाली आली. कोण मराठी, कोण उडिया, कोण बिहारी, काही लूमवरची, काही रिक्षावाले. खुर्चीसकट उचलू, असं ठरलं. तर खुर्चीची गाठ सुटेना. ती ताणलेली होती ना, दगड झाली होती. आबा नखांनी ओढत होते, दातांनी ओढत होते. शेवटी कुणीतरी घरातून विळी आणली आणि पट्ट्या कापल्या.

एक माणूस काठीने तळ चाचपत पुढे, मागे खुर्ची उचललेले लोक, बाजूला मी. मी मायचा हात धरला होता आणि तिचं डोकं माझ्याकडे कललं होतं. सगळ्यांत मागे आबा, तिच्या चपला हातात घेऊन. चपला कशाला घेतल्या होत्या, देव जाणे. तिथे पोचल्यावर तिला लागतील, असंच वाटलं असणार.

रस्ता दिसायला लागला होता. अ‍ॅम्ब्युलन्सचा दिवा दिसत होता. तेव्हाच कधीतरी मायचा हात माझ्या हातात नुसता राहिला. मी तिच्या तोंडाजवळ गाल नेला. काही लागलं नाही. पुन्हा नेला.

मी कुणालाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लोक थांबले असते. थांबले असते तर खुर्ची खाली ठेवली असती, आणि खाली सगळीकडे तो गाळ होता, गटाराचा, मेलेल्या उंदरांचा. माझी माय तिथे ठेवलेली मला चालणार नव्हती. आणि मागे आबा होते. कळलं असतं तर ते तिथेच, त्या ट्रॅक्टरच्या नजरेच्या टप्प्यात, खाली बसले असते आणि त्यांना उचलायला माझ्याकडे माणसं उरली नव्हती.

मी तिचं डोकं खांद्याशी घट्ट धरलं, म्हणजे ते डुलणार नाही. खुर्ची धरलेल्या एका माणसाने माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं असावं. त्याने नजर फिरवली आणि पाऊल उचललं.

मागून आबांचा आवाज आला, "बाई, दम चाली राह्यना ना तिना?"

"चाली राह्यना, आबा," मी म्हणाले. "तुम्ही खाले देखीसन चाला."

ते खाली बघत, एकेक पाऊल जपून टाकत, रस्त्यापर्यंत आले.