राजाराम सावंतांची रिक्षा

राजाराम सावंत साकीनाक्याच्या एका गाळ्यात प्रेशर मीटर तपासायचे. बॉयलरवर, कंप्रेसरवर बसवतात तशा गोल तबकड्या. काटा केसभर जरी इकडेतिकडे असला तरी त्यांच्या नजरेतून सुटत नसे. सत्तावीस वर्षं हेच काम, आणि विक्रोळीहून मोटारसायकलवर जाणं-येणं.

गेल्या वर्षी पवईच्या चढावर त्यांच्या गाडीचा आरसा एका टेम्पोला घासला. टेम्पो उजवीकडून येतोय हे त्यांना दिसलंच नव्हतं. डॉक्टरांनी तपासून काचबिंदू असल्याचं सांगितलं. समोरचं नीट दिसत होतं, पण दोन्ही बाजूंची नजर गेली होती. गेलेली परत येणार नव्हती, औषधाने उरलेली टिकवायची होती. बसून करायच्या कामाला हरकत नव्हती, गाडी मात्र कायमची बंद.

घरी त्यांच्या बायकोने, शुभावहिनींनी, चावी काढून घेतली. "आता गाडीक हात लावू नकात," एवढंच त्या म्हणाल्या.

मग राजाराम बसने जाऊ लागले. पण बाजूने येणारी माणसं, पायऱ्या, खांब त्यांना कळत नसत. दोन आठवड्यांत गुडघा फुटला, चष्मा दोनदा वाकला. रोज रिक्षा करायची तर पगारातला मोठा लचका गेला असता, आणि धाकट्या मुलीचं, जान्हवीचं, कॉलेज अजून चालू होतं. शेवटी त्यांनी राजीनामा लिहिला आणि मालकीणबाईंच्या टेबलावर नेऊन ठेवला.

मालकीण म्हणजे गंधाली वैद्य. वडिलांनंतर गाळा तिने हातात घेतला होता. शाळेत असताना ती राजारामांच्या शेजारी बसून मीटरचे काटे फिरवत असे. तिने कागद वाचला आणि डोळ्यांचं सगळं विचारून घेतलं. काम जमतंय ना, एवढ्या एकाच गोष्टीवर ती अडून बसली होती. जमतंय, असं राजारामांनी सांगितल्यावर तिने राजीनामा परत त्यांच्या हातात दिला. दुसऱ्या दिवसापासून जाण्या-येण्याची रिक्षा गाळ्याकडून ठरली.

राजाराम तिच्याशी धड दोन शब्दही बोलू शकले नाहीत. पण मनातून त्यांना ते पचेना. दुसऱ्याच्या पैशांनी आपण ऐटीत फिरतोय असं वाटून ते अवघडून जात. म्हणून संध्याकाळी ते निम्म्या वाटेतच, पवईला, रिक्षा सोडत आणि पुढे चालत निघत. तेवढंच गाळ्याचं वाचेल, हा हिशोब. आठव्या दिवशी फुटपाथवर उघड्या पडलेल्या खड्ड्यात त्यांचा पाय गेला. घोटा सुजला, चार दिवस घरी बसावं लागलं.

त्या चार दिवसांत गुजरातला जायचा एक मोठा माल अडकला. तपासणीवर सही करायला दुसरं कोणी तयार झालेलं नव्हतं. पाचव्या दिवशी ते लंगडत आले तेव्हा गंधालीने त्यांना समोर बसवलं आणि चालत जाण्याचं कारण विचारलं. राजारामांनी खरं ते सांगितलं.



"काका, मशीनला तेल घालतो ते मशीनवर उपकार म्हणून का?" ती म्हणाली. "तुम्ही धड इथे पोचणं ही माझी गरज आहे. आणि खरं सांगू, नुसती गरजही नाही. बाबा गेले तेव्हा मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तुम्ही सोडून गेला असता तर हा गाळा मी विकला असता."

राजारामांनी मान खाली घातली. मग ते म्हणाले, "उद्यापासून दारापर्यंत रिक्षा. आणि गंधाली, त्या दिवशी बोलायचं राहून गेलं. फार आधार दिलास गं."

त्या आठवड्यात त्यांनी जयंती नावाच्या नव्या मुलीला शेजारी बसवून काटा वाचायला शिकवायला घेतलं. तसं कोणी सांगितलं नव्हतं. मोटारसायकल पुतण्याला, नितेशला, देऊन टाकली.

आता रोज सकाळी ते रिक्षात मागे बसून पवईच्या तलावाजवळून जातात. इतकी वर्षं तिथून गेले, पण लक्ष रस्त्यावर असायचं. आता बाजूचं दिसत नाही म्हणून अख्खी मान वळवावी लागते. ते ती वळवतात, आणि पाणी दिसेनासं होईपर्यंत बघत राहतात.