पहिली फेरी घरची

मुलगा कंपनीत आहे, एवढंच मध्यस्थाने सांगितलं होतं. अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. रत्नागिरीकडे तेव्हा कंपनी म्हटलं की लोट्याच्या एमआयडीसीतला कारखाना, न्यायला-आणायला बस आणि महिन्याचा पगार. माझे वडील शाळामास्तर, त्यांनी फार खोलात विचारलं नाही. साखरपुड्यानंतर कळलं की कंपनी सासऱ्यांचीच आहे, आणि तिच्यात आकाशपाळणा, मौत का कुआँ, पोरांची आगगाडी आणि फुगे फोडायची बंदूक आहे. आईने डोळ्यांना पदर लावला. मला मात्र हसू आवरेना.

कंपनी मोठी होती, हे खोटं नव्हतं. आजेसासऱ्यांनी तंबूतल्या सिनेमापासून सुरुवात केली होती. उतारवयात त्यांनी आकाशपाळणा घेतला आणि बरंच केलं, कारण पुढे घरोघरी केबल आली आणि तंबूकडे चिटपाखरू फिरकेना. त्यांच्या चार मुलांची बिऱ्हाडं पाळण्याच्या जिवावर उभी राहिली. सासरे थोरले. पावसाळाभर सामान हातखंब्याजवळच्या आमच्या जागेत ताडपत्रीखाली झाकलेलं असायचं. दसरा झाला की ट्रक निघायचे. जत्रा, उरूस, शिमगा करत करत मे महिन्यात रत्नागिरीच्या मैदानावर यायचं. चार बिऱ्हाडांची चूल एक आणि शब्द एकाचाच, सासऱ्यांचा.

त्या घरात दोन गोष्टी मोडायची कुणाची टाप नव्हती. खंडेनवमीला पाळण्याची पूजा करून त्याला नवा रंग द्यायचा, पण जुना खरवडायचा नाही. सगळ्यात खाली आजेसासऱ्यांच्या हातचा निळा रंग होता ना! "बापाची कातडी सोलू काय?" असं सासरे विचारायचे. त्यामुळे वर्षानुवर्षं रंगावर रंग चढत गेला.

दुसरी गोष्ट म्हणजे, नव्या मैदानावर पहिली फेरी गिऱ्हाइकाची नाही, घरची. दर बिऱ्हाडातलं एक माणूस बसणार, सासरे हात वर करणार, मग इंजिन सुरू. "आपली माणसं बसवायची हिंमत नाय, तर लोकांची पोरं कशाला बसवायची?" हे त्यांचं म्हणणं मला मनापासून पटायचं, फक्त आमच्या बिऱ्हाडातून बसायची पाळी माझी असायची. यजमान इंजिनावर, मग दुसरं कोण बसणार? मी डोळे घट्ट मिटून रामरक्षा म्हणायची. चुलत जावा खालून हसायच्या.

आमचा मुलगा चार-पाच वर्षांचा झाला त्या वर्षी यजमानांना पाळण्याच्या माथ्यावरून करकर ऐकू येऊ लागली. ग्रीस घातलं, तरी करकर तीच. त्यांनी वडिलांना सांगितलं. "खाऱ्या वाऱ्याची कुरकुर ती," सासरे म्हणाले, आणि विषय संपला. माझ्या नवऱ्याचा आवाज इंजिनावर दणदणीत, पण बापापुढे तोंडातून वाफसुद्धा बाहेर पडायची नाही. जेवताना मीच म्हटलं, "मामंजी, एकदा रंग खरवडून आत बघूया ना." त्यांनी पानातून मान वर केली नाही. "मास्तरांची लेक आता आम्हाला पाळणा शिकवणार," एवढंच बोलले. माझा असा संताप झाला!

रत्नागिरीच्या मैदानावर पहिली संध्याकाळ. दोरीपलीकडे ही गर्दी! नारळ फुटला. सासऱ्यांनी पहिल्या फेरीला हाक दिली. मी गेले ती पोराला कडेवर घेऊन, आणि खालच्या पाळण्यात जाऊन बसले. त्याला आजवर कधी बसवलं नव्हतं.

"त्याला कशाला गो?" सासरे म्हणाले.

"घरची फेरी ना, मामंजी? मग घरचंच माणूस आहे की हे. करा हात वर. मी आज डोळे मिटणार नाही."

यजमान इंजिन सोडून उभे राहिले होते. खरं सांगते, सासऱ्यांचा हात वर गेलाच असता तर मी पोराला घेऊन उडीच टाकणार होते. पाळणा जमिनीलगत होता, तेवढी अक्कल शाबूत होती. पण मी आणि पोरगा उतरल्यावर लोकांची पोरं बसली असती, त्याचं काय? पोरगा आजोबांना हात हलवून दाखवत होता. "आजोबा, सोडा ना!"

सासऱ्यांचा हात कमरेपर्यंत आला आणि तिथेच राहिला.

"उतर गो खाली," ते म्हणाले. "उतर आधी. त्याला नीट धर." मग गर्दीकडे वळून त्यांनी हात जोडले. "पाळणा बंद आहे. पोरांना आगगाडीत बसवा."

आगगाडीच्या रुळांशी बसून मी हमसाहमशी रडले. सुटलो, सुटलो, एवढंच डोक्यात. मोठी चुलत जाऊ पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि माझ्याबरोबर तीही रडली. तिलाही ती करकर ऐकू येत होती, म्हणाली.

सकाळी सासऱ्यांनी स्वतः रंग खरवडायची पत्री घेतली आणि शिडीवरून माथ्यावरच्या सांध्यापर्यंत चढले. चंदेरी निघाला, हिरवा निघाला, तांबडा निघाला. निळ्याशी आल्यावर ते थोडे थांबले, मग तोही खरवडला. खाली लोखंड नव्हतंच. होता तो नुसता गंज, बोटाने दाबला की पापडासारखा मोडणारा. इतकी वर्षं रंगानेच तो सांधा धरून ठेवला होता. मूठभर तुकडे घेऊन ते खाली उतरले आणि ते नातवाच्या हातावर ठेवले. मग नातवाला मांडीवर घेऊन बसले.

पाळणा भंगारात गेला. उरलेला हंगाम आगगाडी, मौत का कुआँ आणि फुग्यांवर ओढला, कोंड्याचा मांडा करून. पण त्या मे महिन्यात मी जेवढी गाढ झोपले तेवढी लग्नापासून झोपले नव्हते. पुढे चौघा भावांनी मिळून नवा पाळणा आणला. खंडेनवमीला आता आधी पत्री फिरते, मग रंग.

नव्या पाळण्याची पहिली फेरी त्याच मैदानावर झाली. मी पोराला घेऊन बसले. यजमान इंजिनापाशी गेले. सासरे समोर उभे राहिले, आणि हात वर करण्याआधी त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी मान हलवली. मग त्यांचा हात वर गेला.