पैठणीचा एक धागा

मैत्रिणींनो, आज दुपारपासून माझ्या पोटात दुखतंय आणि त्याला औषध नाही.

पडेगावला आमच्या घरी हळदीकुंकू होतं. धाकटी जाऊ नवी पैठणी नेसून आली. सासूबाईंनी तिला स्वतः पैठणला नेऊन घेऊन दिलेली. येईल ती बाई तिचाच पदर हातात घेऊन बघत होती. माझ्या अंगावरही पैठणीच होती, माझ्या लग्नात सासूबाईंनीच दिलेली. तिच्याकडं कुणी बघंना.

मी होम सायन्स शिकलेली. बोलून गेले, "आजकाल पॉलिस्टरच्या लई निघतात. धागा जाळला की कळतं. खऱ्या रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटानं चुरते. पॉलिस्टर वितळतं, त्याचा कडक मणी होतो."

जावेनं हसत पदराच्या गोंड्यातला धागा तोडून दिला. बायका गॅसभोवती जमल्या. मी धागा चिमट्यात धरून जाळला. केसांचा वास आला, राख बोटावर भुरभुरली. अस्सल रेशीम. माझं तोंड एवढंसं झालं.

"ताई, आता तुमच्या पैठणीचा बघू की," जाऊ म्हणाली. तिच्या मनात काहीच नव्हतं. मीही तोऱ्यात माझ्या पदराचा धागा तोडला.

तेवढ्यात सासूबाई उठल्या. "राहू दे गं, बायका खोळंबल्यात," म्हणाल्या आणि त्यांनी गॅस बंद केला.

आता सगळ्या गेल्यात. धागा माझ्या मुठीत आहे आणि काडेपेटी समोर. तुम्ही असता तर जाळला असता का?